ललिताताईचा बत्ता

“वरती आवाज नाही. सकाळपासून नाही. तू ये.” ललिताताईच्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटीने मोडक्या इंग्रजीत हा फोन केला, तेव्हा मी माझ्या घराजवळ, पुंगोलला, मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवत होते. आंग मो किओला, तिच्या वस्तीत, पोचेस्तोवर आंटीने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं होतं आणि ॲम्ब्युलन्सही येऊन गेली होती... ललिताताई संपली होती. पक्षाघाताचा दुसरा झटका, या वेळी मेंदूत रक्तस्राव, असं हॉस्पिटलात कळलं. मला रडू आलं नाही, राग आला. जगाच्या अंगावर धावून जाणारी ही बाई न भांडता गेलीच कशी? आता काही आठवडे झाले, तरी तो राग उतरलेला नाही.

ललिता मेश्राम नागपूरची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर. आंग मो किओच्या एका कारखान्यात केबल आणि सर्किट तपासायची. लग्नाआधी मी तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहत असे. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर नसायचाच, तो थेट हातात असायचा. साहेबाने तिचा रिपोर्ट न वाचता बाजूला टाकला, तर तिने कीबोर्ड उपटून त्याच्याच टेबलावर आपटला होता. सकाळी शांतपणे बुद्धवंदना म्हणायची आणि रविवारी वंदना संपताच युद्धाला बसायची. या परक्या देशात येताना कपडे मागे टाकून तिने नागपूरहून लोखंडी खलबत्ता आणला होता. फरशीवर तो मांडून ती ठेचा कुटायला लागली, की खालून आंटी कपडे वाळत घालायच्या बांबूने छत बडवायची. मग हिच्या अंगात यायचं. मिरच्यांचा लगदा झाला तरी ही बत्ता आपटतच राहायची. दोघींनी एकमेकींचं तोंडही धड पाहिलेलं नव्हतं, पण वैर पिढीजात असल्यासारखं.

बीपी तिला कधीपासूनच होतं. गोळ्या नागपूरहून कुणी ना कुणी आणून द्यायचं, पण त्या ती डोकं दुखलं तरच घ्यायची. “दुखत नाही तर गिळू कशाला?” हे तिचं शास्त्र. आपल्याकडे घरोघरी हेच शास्त्र चालतं, वर लोणचं-पापडही चालतात... मीही तेव्हा हसून सोडून दिलं.

असाच ठेचा कुटताना बत्ता तिच्या हातातून सुटला आणि ती कलंडली. उजवा हात, उजवा पाय गेला. रक्ताची गाठ लहान आहे, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिच्याहून मोठा झटका आलेले लोक वॉर्डातून चालत घरी गेले आणि हिचं बोट हलेना. मग डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. मेंदूच्या आत एक भाग दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा असतात, त्यांचा तो पांढरा भाग. तारा धड असतील तर एक वाट बंद पडली तरी मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम पाठवतो. हिच्या तारा वर्षानुवर्षांच्या दाबाने आधीच झिजल्या होत्या, त्यांच्यावरचं आवरण विरलं होतं. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. हिला नको तेवढं कळलं. “इन्सुलेशन गेलेली केबल मी भंगारात टाकते,” ती जड जिभेने म्हणाली आणि डाव्या हाताने समोरचा जेवणाचा ट्रे भिरकावला. पेजेचे शिंतोडे डॉक्टरांच्या चष्म्यावर उडाले. ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, की उरलेल्या तारांना पुन्हा पुन्हा तेच करून शिकवावं लागेल, आणि रोज गोळी घेतली नाही तर उरलेल्याही जातील.

घरी आल्यावर जे सुरू झालं, त्याला सेवा म्हणत नाहीत. नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाणार, पास गेला तर नागपूरला भावाच्या दारात पडून राहायचं. त्यापेक्षा मेलेली बरी, असं ती म्हणे. मी भरवायला गेले तर तिने माझ्या तोंडावर मारलं, ओठ फुटला. डाव्या हाताने उजव्याला गुरासारखं बडवायची. “हल ना बे,” म्हणायची, “हल.” हात काळानिळा पडायचा, पण हलायचा नाही. मला तिची भीती वाटायची आणि तिला सोडून जाववतही नसे.

एका रविवारी दारावर दणके बसले. बांबू हातात घेऊन आंटी उभी. तोंड एका बाजूला किंचित वाकडं. “व्हाय सो क्वायट? यू डेड ऑलरेडी, आह?” तिलाही कधीकाळी झटका आला होता, हिच्यापेक्षा मोठा. पण ती आधीपासून न चुकता गोळ्या घ्यायची, म्हणून सावरली. हे तिने ऐटीत सांगितलं, तशी ललिताताईने तिच्यावर पेला फेकला. आंटीने तो चुकवला, कोपऱ्यातला खलबत्ता पायाने पुढे सरकवला आणि म्हणाली, “यू बँग, आय बँग. यू नो बँग, आय कम अप.” म्हणजे कुटलं नाहीस, तर मी वर येणार.

आम्ही ओढणीने बत्ता तिच्या उजव्या मुठीत बांधला. पहिले घाव फरशीवर, दुसऱ्या हातावर, माझ्या बोटांवर बसले. घाव खलात पडला की खालून बांबू वाजे, चुकला की चिडीचूप. बाई इरेला पेटली. रक्त आलं, शिव्या आल्या, ती थांबली नाही. महिने गेले... आणि एक दिवस ओढणीशिवाय मूठ बत्त्यावर टिकली. पुढे ती कामावर परतली. तपासणीची पिन थरथरत का होईना, उजव्या हातातच धरायची. गोळी रोज घ्यायची, तिलाही शिव्या घालूनच. पण झिजलेलं ते झिजलेलंच राहिलं. मी लग्न होऊन गेले, तशी तिने जास्तीची किल्ली आंटीला दिली.

फ्लॅट रिकामा करायला मी एकटीच गेले. ओट्याखाली खलबत्ता होता, बत्त्याची मूठ तिच्या हाताने गुळगुळीत झालेली. मी फरशीवर बसले आणि एक घाव घातला. खालून काही नाही. आंटी घरी नसेल, असं म्हणून उठणार, तेवढ्यात बांबू वाजला. मग पुन्हा. मग आंटी थांबेचना, छत फोडायला निघाल्यासारखी बडवत सुटली. आणि मी, मिरची ना मीठ, रडत, शिव्या देत, रिकामा खल कुटत राहिले.