भोंडल्याची गाणी आणि भाड्याची जागा

वडील निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवाळीत त्यांची वेबसाइट बंद पडली. आईने गायलेली भोंडल्याची गाणी त्यांनी ती गेल्यानंतर कॅसेटवरून त्या साइटवर चढवली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला येताना त्यांनी त्या कॅसेट आणि जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. गाणी इंटरनेटवर कायमची आहेत, असं ते सगळ्यांना सांगत.

"अरे, मी तर रिन्यू केलं होतं," ते म्हणाले.

मी पावती पाहिली. त्यांनी फक्त साइटचं नाव रिन्यू केलं होतं. गाणी ठेवण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवर वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागते; तिला होस्टिंग म्हणतात. तिची मुदत संपल्याच्या सूचना त्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर गेल्या होत्या. तो ईमेल निवृत्तीबरोबर बंद झाला होता.

"बाबा, नाव म्हणजे दारावरची पाटी. होस्टिंग म्हणजे क्वार्टर."

"अच्छा, म्हणजे पाटी माझी आणि क्वार्टर खाली केलं! आमचे सरकारी क्वार्टरं सांभाळणारे इस्टेटवाले बरे, निदान दारावर नोटीस तरी चिकटवायचे." मग त्यांनी विचारलं, "आणि आतलं सामान?"

मी कंपनीला फोन केला. मुदत संपलेल्या साइटच्या फाइल काही आठवड्यांनी पुसल्या जातात, आमच्याही पुसल्या गेल्या आहेत आणि त्यांची प्रत ठेवली जात नाही, असं उत्तर मिळालं. मी ते वडिलांना सांगितलं. त्यांनी पुण्याला मावशीला फोन लावून कॅसेटची दुसरी प्रत आहे का, असं विचारलं. तिच्याकडे नव्हती.