आहार घेत नाही

सिस्टरनं पट्टीचा गुंडाळा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुझीच आई ना? मग तूच बांध. तुझं ऐकेल."

सगळा वॉर्ड बघत होता. माझी आई खाटेवरून उतरून जमिनीवर बसली होती. लुगडं सुटलेलं, डोळे लालभडक. अंग तव्यासारखं तापलेलं. तिसऱ्यांदा उतरली होती, आणि दुसऱ्या वेळेला पडली होती. म्हणून बांधायचं.

मी बांधलं. तिला उचलून खाटेवर घातलं, दोन्ही मनगटं लोखंडी दांड्याला बांधली. गाठ पक्की मारली. गाठ मला चांगली येत होती. चार वर्षं त्या दवाखान्यात आया म्हणून राबत होते, बरळणाऱ्या किती म्हाताऱ्यांचे हात मी बांधले असतील, मलाच आठवत नाही.

आईनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "शेट, सोड. उद्या येन मी गवताला."

मला शेट म्हणाली. पोटच्या पोरीला.

हे का म्हणाली, ते मला तिथल्या तिथे कळलं. मी लहान असताना माझ्या बापाला शेटनं आंब्याच्या झाडाला बांधून घातला होता. ताप आला म्हणून बाप गवत कापायला गेला नाही, एवढाच गुन्हा. आई दुपारपर्यंत शेटच्या पाया पडत होती. सोड, उद्या येन. सोड, उद्या येन. शेट ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. पुढे वेठ बंद झाली. कागदावर तरी झाली. आईच्या डोक्यातून ती गेली नव्हती. तापानं सगळं पुसलं आणि खाली तेवढंच उरलं.

ही गोष्ट महाराष्ट्र झाल्यानंतर दोनेक वर्षांनीची. दवाखाना डहाणूकडचा, नाव सांगत नाही, नाव सांगून कोणाचं भलं होणार आहे? आम्ही तलासरीपलीकडच्या पाड्यावरचे वारली. मी चौथीपर्यंत शिकलेली, नवरा गेलेला, म्हणून ह्या नोकरीला लागले. आईला खोकला आणि ताप. भावानं चार दिवस भगताकडे घालवले, मग झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणली आणि तिथून बैलगाडीनं माझ्याकडे. "बयनी, तू आहेस तिथं," म्हणाला. मी आहे म्हणून आईचं नीट होईल, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं होतं.

सकाळी डॉक्टर राउंडला आले. आई बडबडत होती. डावी मूठ आवळायची, उजवा हात ओढायची, बांधल्या हातांनी गवत कापत होती. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला विचारलं, "ताडी किती पिते?"

"पीत नाही, साहेब."

"सगळे हेच सांगतात. उतरली की बोलेल शहाण्यासारखी." मागे उभे असलेले कंपाउंडर हसले. सिस्टर हसली. छातीला नळी लावून झाली, सुई टोचून झाली, राउंड पुढे गेला. माझी आई आयुष्यात ताडी प्यायली नाही असं मी म्हणत नाही. सणासुदीला घेतली असेल. पण त्या दिवशी तिला ताप होता. ताप! ताप ओळखायला डॉक्टर कशाला लागतो?

जेवणाच्या वेळी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर दूध आणि पाव ठेवला गेला. आमच्या घरात दूध कोणी पीत नसे, ते वासराचं. पाव तिनं कधी बघितलाही नव्हता. आणि खाटेवर बसून तर ती जन्मात जेवली नव्हती. आमच्याकडे माणूस जमिनीवर बसून जेवतं. ती खाली उतरत होती ती त्यासाठीच, हे मला आधी का सुचलं नाही? चार वर्षांत मी पण दवाखान्याची झाले होते. तासाभरानं दूध-पाव उचलून नेला. हात बांधलेलेच होते. खाटेच्या पायाशी पाटी टांगलेली असे, तिच्यावर सिस्टरनं लिहिलं, आहार घेत नाही. हात बांधलेत, हे लिहिलं नाही.

भाऊ बाहेर चिंचेखाली तीन दगड मांडून नागलीची आंबील शिजवत होता. दारावर त्याला अडवलं. "बाहेरचं अन्न आत चालत नाही."

आणि मी कुठे होते? मी स्पेशल खोलीत होते.

स्पेशल खोलीत घोलवडच्या एका चिकूच्या वाडीवाल्याचा बाप होता. आमचा शेट नव्हे, हा वेगळा. त्याची लघवी अडली होती, ताप चढला होता, आणि तोही बरळत होता. मेलेल्या बायकोला हाका मारायचा. मला शिव्या द्यायचा. एकदा वाटी फेकून मारली, माझ्या कपाळाला लागली. त्याला कोणी बांधलं नाही. त्याला "काकांना भ्रम झालाय" असं म्हणत. घोलवडहून दोन वेळचा डबा येई, तो मात्र बाहेरचा धरत नव्हते.

त्याच डॉक्टरांनी मला त्याच खोलीत शिकवलं. शांतपणे, गोड आवाजात. "हे बघ, काकांना बांधायचं नाही, माणूस आणखी घाबरतो. चष्मा लाव त्यांना. नावानं हाक मार. पाठीला उशी देऊन बसव, आडवं असताना भरवायचं नाही, ठसका लागेल. एक चमचा, गिळला का बघ, मग दुसरा. नको म्हणाले तर थांब, पुन्हा जा. ह्या वयात पोटात काही गेलं नाही तर औषध काय करणार?"

म्हणजे डॉक्टरला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं झाली, अजून हेच मला जाळतं. ठाऊक नसतं तर मी म्हटलं असतं, बिचारा, शिकला नाही. पण त्याला माझ्या आईच्या खाटेपासून पन्नास पावलांवर सगळं ठाऊक होतं.

मी दोन दिवस त्या म्हाताऱ्याला मऊ खिमट भरवलं. मोसंबीचा रस पाजला. चमच्याचमच्यानं. त्याला तरतरी आली. मधूनमधून वॉर्डात धावत जाऊन आईचे ओठ ओले करायची. सोडवायची हिंमत नव्हती. नोकरी जाईल, ही एक भीती. आणि दुसरी भीती ह्याहून वाईट. मला वाटत होतं, एवढी शिकलेली माणसं, काहीतरी विचार करूनच करत असतील.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं अर्धी वाटी खाल्ली आणि तोंड फिरवलं. सिस्टर दारात उभी होती. मोठं मन करून म्हणाली, "उरलेलं टाकू नकोस. तुझ्या आईला घाल. तिला काय कळतंय आता."

माझ्या हातात वाटी होती. खरं सांगते, एक क्षण वाटलं, घेऊन जावी. आईच्या पोटात काहीतरी जाईल. भुकेला कसला आलाय मान. पण "तिला काय कळतंय" हे शब्द माझ्या डोक्यात गेले ते गेलेच. तिला कळत होतं. बांधलंय हे कळत होतं. कोणासारखं बांधलंय, हेसुद्धा कळत होतं.

मी वाटी स्टुलावर ठेवली आणि वॉर्डात गेले. आईचे हात सोडले. मनगटं सुजली होती, कातडी गेली होती. तिला उचलून जमिनीवर घेतलं, भिंतीला पाठ लावून मी बसले आणि तिला माझ्या छातीला टेकवलं. मोठ्यानं भावाला हाक मारली. दारावरचा माणूस आडवा आला, भाऊ त्याला ढकलून आंबिलीचं भांडं घेऊन आत शिरला.

"आये," मी म्हणाले, "गवत झालं सगळं. जेव आता."

बोटांनी ओठांना आंबील लावली. तिनं चाटली. मग अर्धा चमचा. गिळलं का बघितलं. मग दुसरा. जे म्हाताऱ्यासाठी शिकले, ते सगळं केलं. तासभर लागला. एक वाटी गेली. तिनं हात उचलून भांड्याला लावला, जवळ ओढलं. आहार घेत नाही म्हणे!

सिस्टर आली. "हे काय चालवलंयस? वर घाल तिला. बांध."

"नाही."

"डॉक्टरांना बोलावू?"

"बोलवा."

डॉक्टर आले. म्हणाले, "नोकरी करायची आहे ना?" मी म्हणाले, "तिला भरवून होऊ द्या, मग काढा." ते निघून गेले. मला काढलं नाही. दया नव्हे. बेडपॅन उचलायला दुसरं कोण मिळणार होतं?

आई आणखी दोन दिवस जगली. माझ्या मांडीवर जेवत होती. मला ओळखलं नाही. शेटही म्हणाली नाही. छाती भरली आणि गेली. कागदावर लिहिलं, अशक्तपणा. पहिल्या दिवसापासून भरवलं असतं तर वाचली असती का? मला ठाऊक नाही. कोणी तसा शब्द दिला तर मी विश्वास ठेवणार नाही. पण तीन दिवस तिला उपाशी बांधून ठेवलं आणि बांधलं मी, हे ठाऊक आहे.

आईचे दिवस झाल्यावर मी कामावर गेले. त्याच आठवड्यात एका पाड्यावरून म्हातारा आणला, तापानं बरळत होता, कोणाला तरी बैल सोडायला सांगत होता. सिस्टरनं पट्टीचा गुंडाळा पुढे केला.

तेव्हा मला बापाचं आंब्याचं झाड आठवलं. शेट ओट्यावरून उठलाही नव्हता. बापाला बांधणारे दोघे आमच्याच पाड्यावरचे होते. त्यातला एक माझा चुलता.

मी गुंडाळा घेतला नाही. म्हणाले, "डॉक्टरांना बांधायचं असेल तर त्यांनी इथं यावं, वाकावं, आणि स्वतःच्या हातांनी बांधावं. माझे हात मिळणार नाहीत. वॉर्डातल्या एकाही आयाचे मिळणार नाहीत, मी बोललेय सगळ्यांशी."

कोणी आलं नाही. मी म्हाताऱ्याला खाली बसवलं आणि त्याच्या सुनेला सांगितलं, चूल पेटव. तेव्हापासून माझं एकच. बांधणाऱ्याला मी माफ करणार नाही, स्वतःलाही नाही. आणि माझ्यासमोर बांधू तर मुळीच देणार नाही.