कमलाकर पिसाळांची नापास मोटारसायकल

ट्रान्सफॉर्मर बोलतो, असं कमलाकर पिसाळ नव्याने रुजू झालेल्या इंजिनीअरांना पहिल्याच दिवशी सांगतात. वीज सोडली की त्याचा घुमणारा एकसुरी आवाज सुरू होतो. तो कुठे तुटक ऐकू आला तर आत काहीतरी सैल आहे असं समजायचं आणि निमूट झाकण उघडायचं. झाशीबाहेरच्या सरकारी कारखान्यात, टेस्टिंग विभागात, पिसाळांचा हा कान मानला जातो. मीटरवरचे आकडे बरोबर असले तरी पिसाळांनी मान हलवल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही.

असा माणूस जुनी मोटारसायकल घेतो म्हटल्यावर ती पारखूनच घेणार, याबद्दल कॉलनीत कुणाला शंका नव्हती. पिसाळ मूळचे कराडकडचे. स्कूटरवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. मुलगी शिकून नोकरीला लागली आणि ट्रेनिंगच्या दिवसांपासून मनात असलेली गोष्ट त्यांनी उघड बोलून दाखवली: व्ही-ट्विन, म्हणजे व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाची, पुढे झुकून चालवायची, स्पोर्ट्स मोटारसायकल. नवी परवडणारी नव्हती. ग्वाल्हेरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे जुनी मिळाली. लाल रंगाची, टाकीवर एक पोचा, बाकी धडधाकट. पिसाळांनी चेन पाहिली, टायर पाहिले, तेल बोटावर घेऊन वास घेतला आणि गजबजलेल्या रस्त्यावर सौदा ठरवून ती हायवेने घरी आणली. वाऱ्याच्या आवाजात गाडी रेशमासारखी आली.

क्वार्टरसमोर उभी करून त्यांनी ती नुसती चालू ठेवली, तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. धड-धड, मग जरा थांबून पुन्हा धड-धड. दोन ठोके जवळ, तिसरा लांब. एखादा माणूस पाय ओढत जिना चढावा तशी.

समोरच्या क्वार्टरमधले श्यामसुंदर तिवारी चहाचा कप घेऊन बाहेर आले. हे वित्त विभागात असतात आणि पिसाळांनी अडवून धरलेल्या मालामुळे त्यांची बिलं अडकतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पिसाळ जी, ये तो लँगड़ाती है. इसे पास किसने किया?”

पुढचे चार महिने पिसाळांचे रविवार अंगणातल्या फरशीवर गेले. त्यांनी स्पार्क प्लग बदलले. ते इलाइट चौराह्याच्या दुकानात मिळाले नाहीत म्हणून दिल्लीहून मागवले. वाल्वचं अंतर मोजलं. दोन्ही सिलिंडरांचा दाब तपासला, तो सारखा निघाला. दोन्ही धुराड्यांचं तापमान घेतलं, तेही सारखं. प्रत्येक चाचणीत गाडी उत्तीर्ण होत होती आणि कानाला मात्र लंगडीच. मुलगी फोनवर अशाच गाड्यांचे व्हिडिओ पाठवायची. पिसाळ ते उघडत नसत. दुसऱ्याच्या चाचणीवर त्यांचा विश्वास नाही. आणि चाचणी पुरी न झालेली वस्तू बाहेर न्यायची नाही, हा नियम अंगात भिनलेला. त्यामुळे गाडी कॉलनीच्या गोल रस्त्यापलीकडे गेलीच नाही.

शेवटी त्यांनी कारखान्यात करतात तेच केलं. दोष सापडत नाही, तर माल परत. गाडी विकायला काढून इंटरनेटवर फोटो टाकला. त्या दिवशी ते जेवले कमी आणि बोलले त्याहून कमी. माधुरीताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं की एवढी आवडती आहे तर ठेवा की. त्यावर त्यांनी उत्तर दिलं ते असं, की सबंध कारखान्याचा माल मी आवाजावरून नापास करायचा आणि घरी ही ठेवायची, हे बरं दिसत नाही.

रविवारी गरौठ्याहून नीरज यादव नावाचा तिशीतला गृहस्थ आला. त्याचं तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पिसाळांनी त्याला पाणी दिलं आणि गाडी दाखवण्याआधीच तिचा दोष सांगून टाकला. चाल तुटक आहे, सगळे उपाय झाले, जात नाही. मग बटण दाबलं.

नीरजने डोळे मिटून घेतले. ठोक्यांच्या तालावर त्याची मान हलू लागली.

“भाईसाहब,” तो म्हणाला, “हम तो यही आवाज लेने आए हैं.”

पिसाळांना वाटलं, थट्टा चालली आहे. नीरजने समजावलं की व्ही-ट्विनची हीच चाल, लोक हिच्यावर जीव टाकतात, एकसुरी वाजली तर उलट तो ती घेणारच नाही. पिसाळांनी नुसतं ऐकून मानलं नाही. त्यांनी घरातून खडू आणला आणि फरशीवर एक वर्तुळ काढलं. मधून काटकोनात दोन रेघा, हे दोन सिलिंडर, दोघांचे दांडे एकाच खुंटीला अडकवलेले. पहिल्याचा ठोका पडला. पाऊण फेऱ्याने दुसऱ्याचा. आणि पहिला पुन्हा वाजायला सव्वा फेरा. पाऊण आणि सव्वा. ते उकिडवे बसूनच राहिले. कुठल्याही चाचणीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहितात, ही वस्तू मुळात कशी असायला हवी. ती ओळच त्यांनी भरली नव्हती. चार महिने ते मोटारसायकलला ट्रान्सफॉर्मरच्या मापाने मोजत होते.

माधुरीताई दारातून हे पाहत होत्या. “म्हणजे ती ठणठणीत होती,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही तिला दर रविवारी औषध पाजत होतात.”

नीरजने आगाऊ रक्कम द्यायला खिशात हात घातला. पिसाळ उठले, हाताचा खडू झटकला आणि गाडी विकायची नाही म्हणाले.

“ये तो गलत बात है, भाईसाहब. हमारे बताने के बाद?”

“आप नहीं बताते, तो दे देता,” पिसाळ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. तिथे दुसऱ्याच कसल्या तरी आनंदाने जागा घेतली होती.

नीरज रुसला, पण जेवायला थांबला. मटकीची उसळ त्याने दोनदा मागून घेतली आणि माधुरीताईंना सांगितलं, “भाभी जी, अगली बार गाड़ी देखने जाएँगे तो मुँह बंद रखेंगे.” पिसाळांनी त्याला गोल रस्त्यावर दोन फेऱ्या मारू दिल्या. तो तिसरी मारून आला. तिवारी चहाशिवायच बाहेर आले होते. त्यांना पिसाळांनी फरशीवरचं वर्तुळ पहिल्यापासून समजावलं. तिवारींनी पाऊण आणि सव्वाची बेरीज करून पाहिली, ती बरोबर दोन आली.

निघताना पिसाळ नीरजला म्हणाले की बसस्टँडवर मीच सोडतो, आता फाटकाबाहेर न्यायला हरकत नाही. नीरज मागच्या उंच सीटवर चढलाही.

“अहो,” माधुरीताईंनी हाक मारली, “घरच्या माणसाला कॉलनी ओलांडून नेलं नाहीत, आणि पहिला मान गरौठ्याला?”

नीरजला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळायला ते लागतही नाही. तो टुणकन खाली उतरला, मला ऑटो मिळेल म्हणाला आणि सीट हाताने पुसून बाजूला झाला. माधुरीताईंनी पदर खोचला, पिसाळांच्या खांद्यावर भार देऊन वर चढल्या आणि बडा बाजारला जाऊ म्हणाल्या.

“भाभी जी,” नीरज फाटकापर्यंत सोबत चालत म्हणाला, “पाँव ज़रा पाइप से दूर रखिएगा. बहुत गरम होता है.”