परतीच्या मॅचला पाहुणे आलेच नाहीत

मंडळी, आज अख्खी सकाळ मैदानावर वाट बघण्यात गेली.

मी डिंभ्याच्या बाजूला एका छोट्या कॉलेजात खेळ शिकवतो. आमच्या फुटबॉल टीमला स्पर्धेबाहेरच्या मॅच मिळतात त्या तोंडी बोलीवर. एक वर्ष आम्ही समोरच्या टीमच्या कॉलेजात जायचं, पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याकडे यायचं. गेल्या वर्षी आम्ही दोन एसट्या बदलून गेलो होतो. आज त्यांची पाळी होती.

पहाटे चुन्याच्या फक्कीने मैदान आखलं. पाहुण्या पोरांची जेवणं गावात घरोघरी वाटून दिली होती. त्यांचे सर माझ्या खोलीवर जेवणार होते.

अकराला त्या सरांचा फोन आला. "राव, पोरं तयार नाय. तिकडं लई लांब पडतं. तुमीच या ना परत."

"बघतो," म्हणालो. मग घरोघरी निरोप सांगत फिरलो. एक मावशी म्हणाल्या, "पावणं न्हाई तर न्हाई, तुमी बसा जेवायला." मी म्हटलं, नको, स्वयंपाक करून आलोय.

खरंच केला होता. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच दोघांचा.

पोरं म्हणतायत, "सर, आपणच जाऊ." तुम्ही गेला असता?