घोंगडीवाल्याचा हात

संस्थानचं राज्य होतं तेव्हा भोरच्या आठवडी बाजारात एक घोंगडीवाला बसायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकायची, वर हात ठेवायचा आणि गप्प राहायचं, एवढीच त्याची रीत. ऊब अंगात भिनली की माणूस "द्या" म्हणायचाच. मग हाच घोंगडी काढून घ्यायचा. "नीरेवर जाऊन या. तरी बी हवी वाटली, तर न्या."

एकदा मीही नदीवर जाऊन आलो. भर उन्हात खांदा जड झाला होता. "द्या," म्हणालो.

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "न्हाई, मालक. माजा हात अजून तुमच्या खांद्यावर हाय. त्यो उतरू द्या."

मी दचकलो. तो पलीकडे बसून दोन्ही हातांनी लोकर पिंजत होता, आणि माझा खांदा अजून गरम होता.