सहाव्या दिवशीचे ठिपके

“झोपलेत अजून. उठवू नकोस,” असं म्हणत काका इन्क्युबेटरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार कपाटाच्या, दारावर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. आत प्लेटा असायच्या आणि प्लेटांत पेशंटांचे जंतू, उगवले तर. फतेगंजातल्या आमच्या लॅबमध्ये काका जुने टेक्निशियन, मी नवी.

तुम्हालाही आठवत असेल, तेव्हा बडोद्यात बाहेरदेशचे कृत्रिम सांधे, पेसमेकर यायला लागले होते आणि लोक नवा फ्रिज दाखवावा तसा गुडघा दाखवायचे. “आपणो तो जर्मन छे,” एक शेठ म्हणाले. काका म्हणाले, “शेठ, जंतुने कंपनी नथी समजाती.” जंतूला कुठली कळतेय कंपनी!

एरवीचे जंतू दोन दिवसांत उगवतात हो. पण शरीरात बसवलेल्या धातूवरचे वेगळेच, चिकट थर करतात आणि त्याखाली गप्प पडून राहतात, औषध वरून वाहून जातं. म्हणून असल्या प्लेटा काका चौदा दिवस ठेवायचे, कोरड्या पडू नयेत म्हणून शेजारी पाण्याची वाटी. लॅबचे साहेब जागा नाही म्हणून कुरकुरायचे. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेतले. “वेढा घातला की दोन दिवसांत उठायचं नसतं, साहेब,” एवढंच उत्तर.

दुपारी खिडकीतून पिवळं ऊन यायचं. काका रक्त मिसळलेल्या जेलीची लाल प्लेट तिरकी धरायचे, आणि मला वाटायचं आपण फार उंचावरून एखादं लाल माळरान बघतोय, त्यावर आपोआप पांढऱ्या घुमटांचं गाव वसलंय, आणि तिथे कुणीच बोलत नाहीये.

मग काकांनाच पेसमेकर बसला, आणि पाच महिन्यांनी छातीवरची टाक्यांची जागा लाल होऊन पाझरायला लागली. नमुना आमच्याकडेच आला, तीन प्लेटा मीच लावल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही उगवलं नाही तर जखम साफ करून घरी सोडू. उगवलं तर हृदयातल्या तारांसकट सगळं मशीन काढावं लागेल. त्यात जीवही जाऊ शकतो, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या. संध्याकाळी वॉर्डातून काकांचाच फोन.

“पोरी, दोन दिवस झाले. वाढ नाही, असं लिहून टाक.”

“काका, चौदा दिवस.”

“रविवारी पाणीगेटला नातीचं बारसं आहे गं.”

“तुम्हीच शिकवलंत ना?”

“ते दुसऱ्यांच्या प्लेटांचं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

खरं सांगू, मी पेन उचललं होतं. पण लिहिलं नाही. बारसं त्यांच्याशिवाय झालं.

सहाव्या दिवशी दवासारखे बारीक पांढरे ठिपके. तिन्ही प्लेटांवर एकच जात, म्हणजे बाहेरून पडलेले नव्हेत, आतलेच.

आमच्याकडे रिपोर्टवर दोन सह्या लागायच्या, वाचणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तपासणारे कायम काका. साहेब म्हणाले, “या वेळी मी करतो.” मी म्हटलं, “नको साहेब, त्यांना दाखवते,” आणि एक प्लेट टेप लावून, पिशवीत बंद करून वॉर्डात घेऊन गेले.

काकांनी चष्मा लावला. पिशवी न उघडता प्लेट खिडकीकडे धरली, तिरकी. पडदा फुगत होता, बसत होता.

“सुंदर आलेत,” ते म्हणाले. “पाच महिने फुकट राहिले लेकाचे.”

मग रिपोर्ट वाचला. “वय एकसष्ट लिहिलंयस. बासष्ट आहे.”

“काका, हाथ ना हलावशो,” सिस्टर ओरडली. सलाइन लावलेल्या त्याच हातानं त्यांनी वय सुधारलं, खाली सही केली. “जा लवकर, डॉक्टर निघून जातील.”

मशीन निघालं. काही आठवड्यांनी उजव्या बाजूला नवं बसलं. लॅबमध्ये मात्र काका परत आले नाहीत, आणि चार वर्षांनी गेले.

मधे एकदा पाणीगेटला त्यांच्या घरी गेले होते. ते ओट्यावर उन्हात बसलेले, नात डाव्या खांद्याशी. उजवीकडे ते तिला कधी घेत नसत. डावीकडे जुनं मशीन होतं तिथे आता नुसती खळगी उरली होती, आणि त्या खळगीत तिचं डोकं बरोबर मावलं होतं.