मापारी मामांचे तीन शेर

एकोणीसशे सदतीस सालचा उन्हाळा. मला विसावे वर्ष लागले होते. अमरावतीच्या भाजीबाजारात तेव्हा एक माणूस होता, तो लोकांना नावाने हाक मारीत नसे, वजनाने मारी. बैलगाडीवरून कोणी उतरला की हा लांबूनच म्हणे, "या, चौसष्ट शेर, आज उपाशीच आले वाटते." आणि काट्यावर बसवले तर तो माणूस चौसष्टच भरे. पाव शेराचा फरक निघाला तर मामा त्याच्या चपलांकडे बघत. "चपला काढ. चपलेचं वजन माणसात धरत नाई."

ते मापारी मामा. बाजारात पोती, टोपल्या तोलण्याचा मोठा काटा त्यांच्याकडे होता. लाकडी तिवईला टांगलेला, दोन्हीकडे साखळ्या आणि साखळ्यांना खाटेएवढ्या फळ्यांची पारडी. मामा उंच, काळेसावळे, कानाला बिडीचे थोटूक. तोलताना त्यांची एक रीत होती. पारड्यात माल चढला की दोन्ही हात डोक्याच्या वर उचलायचे आणि एक पाऊल मागे सरायचे. काट्याला आपला स्पर्श नाही, हे साऱ्या बाजाराला दिसावे म्हणून. शेतकरी असो की अडत्या, मामांचे हात वर गेले की भांडण संपले. कोणी कुरकुर केलीच तर ते म्हणत, "काट्याले बोलू द्या. तुमी कावून बोलून राहिले?"

पण मामांचा जीव होता तो अमरावतीतल्याच राजापेठच्या आमच्या हुतूतूच्या संघात. आमचा संघ म्हणजे मळेवाल्यांची पोरे. मी चढाईला जायचो. अंगाने बारीक, पण दमाला अमरावतीत माझ्यासारखा कोणी नव्हता. हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे, आणि खरे तेच म्हणायचे. मी रेघ ओलांडून दम धरला की मैदानाच्या कडेला मामाही दम धरीत. मी परत येऊन रेघेला शिवेपर्यंत सोडीत नसत. एकदा बडनेऱ्याच्या सामन्यात मी फार वेळ आत राहिलो. तिघांनी पाय धरले होते, तरी मी ओढत ओढत आलो. रेघेला हात लागला, टाळ्या पडल्या, आणि इकडे मामा आडवे. तोंडावर पाणी मारल्यावर उठले आणि पहिला सवाल केला, "आला का पोट्टा?"

खेळ पोळ्याला सुरू होत आणि माघातल्या जत्रेला संपत. त्यानंतर पुढच्या पोळ्यापर्यंत खेळ नाही, नुसत्या बाता. आणि खरे सांगतो, त्या बाताच जास्त रंगत. बाजार उठला की कडुलिंबाखाली, काट्याजवळ, तिघांची बैठक बसे. मामा, फुलवाला सोनाजी माळी आणि टांगेवाले लतीफभाई. यांच्यातला एकही कधी मैदानात उतरला नव्हता. पण संघात कोण राहील, कोण जाईल, कोणाला कुठून आणायचे, हे सारे तिथे ठरे. आम्ही खेळणारे बाजूला उभे राहून ऐकायचो. आमचे मत कोणी विचारीत नसे.

"कोपऱ्याचा गडी तं गेला," सोनाजी आदल्या उन्हाळ्यात म्हणायचा. "नागपूरले पोलिसात लागला. आता कोपरा कोण धरते?"

"हिवरखेड का किसन लाओ," लतीफभाई म्हणायचे. "उसने पकडा तो घोडा भी नहीं छूटता. मेरा घोडा नहीं, अच्छा घोडा."

"तो आपलं गाव सोडून कावून येईन?" मामा विचारायचे.

यावर त्या तिघांनी एक शक्कल काढली. सोनाजीची एक भाची लग्नाची होती, वरुडला. तिचे लग्न किसनशी लावायचे, म्हणजे पोरगा सासरच्या ओढीने इकडे येईल आणि सोनाजी त्याला राजापेठेत फुलांच्या धंद्यात बसवील. लतीफभाईंनी पाहुण्यांना टांग्यातून फुकट फिरवले. लग्न लागले, मामांनी अहेर केला. आणि किसन गेला तो बायकोच्या गावी, सासऱ्याच्या संत्र्याच्या बागेत घरजावई होऊन. माघातल्या जत्रेला वरुडच्या संघात आमच्यासमोर उभा. त्याने आमचे तीन गडी धरले. सोनाजी नात्याने त्याचा मामसासरा, त्यामुळे त्याला शिवीही देता येईना. मामा तेवढे म्हणाले, "सोन्या, पुढच्या खेपेले पोरगी देताना गाव कोनचं ते पाहत जा."

दर सोमवारी बाजार उठल्यावर मामा आम्हा खेळाडूंना काट्यावर बसवीत. उन्हाळ्यात गडी सुटतो की आटतो ते त्यांना बघायचे असे. मी पोळ्याला साठ शेर होतो, म्हणजे भर दीड मण. माघ सरल्यावर एकोणसाठ. होळीला अठ्ठावन्न. वैशाखात सत्तावन्न. सोनाजी खूश झाला. "दम वाढवून राहिला पोट्टा. हलका झाला की अजून आत जाईन." लतीफभाईंनी मान डोलावली. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि वजने उचलून ठेवायला लागले.

खरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. आमचा मळा एका विहिरीवर होता, आणि त्या साली विहीर तळाला गेली. वांगी जळाली. घरात आम्ही चार भाऊ, दोन भावजया, लहान लेकरे. भाकरीचे टोपले पुढे आले की मी म्हणायचो, बाजारात खाऊन आलो. बाजारात मी काहीच खात नव्हतो. पण हे सांगायला जीभ रेटत नसे. आजही फारशी रेटत नाही.

त्याच वैशाखात अकोल्याहून एका जिनिंग प्रेसचा मुकादम आला. त्या प्रेसचा स्वतःचा हुतूतूचा संघ होता. चांगला गडी दिसला की त्याला कामावर घेत, दिवसा कापसाच्या गठाणी उचलायच्या आणि संध्याकाळी खेळायचे. त्याने मला जत्रेत पाहिले होते. कडुलिंबाखाली येऊन म्हणाला, "हा पोरगा मला पाहिजे. पण आमच्या मालकाची अट आहे. दीड मणाच्या खालचा माणूस गठाणीखाली टिकत नाही. दीड मण भरला तर उद्याच्या गाडीने घेऊन जातो. नाही भरला तर नाही."

मला ते काम पाहिजे होते. एक तोंड घरून कमी आणि एक पगार घरी जास्त, यापेक्षा दुसरी वाट मला दिसत नव्हती.

सोनाजी मात्र हसला. "भरवा की. काटा इथंच आहे. मामा, बसवा त्याले." लतीफभाईंनी मला डोळा मारला. दोघांनाही ठाऊक होते, परवाच्या सोमवारी मी सत्तावन्न होतो. राजापेठेचा गडी राजापेठेतच राहणार. मामांच्या काट्यापुढे अकोल्याचा मुकादम काय करील?

मी चपला काढल्या. पारड्यात बसलो. मुकादम समोर उभा राहिला, सोनाजी आणि लतीफभाई त्याच्या बाजूला. मामा माझ्या पाठीशी. त्यांनी समोरच्या पारड्यात एक मणाचे वजन ठेवले, मग अर्ध्या मणाचे, आणि परत माझ्या मागे आले. माझी फळी वर उचलली गेली. मी खाली मान घातली. आणि मग माझ्या कमरेमागे फळी हळूच दबली. मी मागे पाहिले नाही, पण फळीवर, माझ्या धोतराला लागून, एक अनवाणी पायाचा अंगठा मला कळला. काटा डुलला आणि सरळ उभा राहिला.

"दीड मण," मामा म्हणाले. "उतर."

मुकादमाने मान हलवली. "सकाळच्या गाडीला ये. बडनेरा स्टेशनावर भेटतो." आणि तो निघून गेला.

मग सोनाजी म्हणाला, "मामा, सोमवारी सत्तावन्न होता ना?"

"होता."

"मंग आज साठ कसा?"

"काटा बोलला. मी कुठी बोललो?"

लतीफभाई हळू आवाजात म्हणाले, "मामा, आज आपने हाथ ऊपर नहीं किये."

मामांनी कानावरचे थोटूक काढले, पेटवले नाही, परत कानावर ठेवले. "इसरलो," म्हणाले. तीस वर्षांत ते पहिल्यांदा विसरले होते. सोनाजी उठला आणि फुलांची टोपली घेऊन चालता झाला. त्याच्या मागे लतीफभाई. जाताना दोघांनी रामराम केला नाही.

मी तिथेच उभा होतो. मला राग आला होता. लोकांना हसू येईल, पण राग आला होता. मी म्हणालो, "मामा, मले कोणाची भीक नको. मी उद्या जात नाई."

मामा वजने पुसत होते. वर न बघता म्हणाले, "भीक कोणं देल्ली तुले?"

"तुमी पाय देला."

"हाव, देला. इकडं पाह. पोळ्याले तू साठ होता. आता सत्तावन्न. तुले ताप नाई, खोकला नाई, रोज मळ्यात राबून राहिला. मंग ते तीन शेर गेले कुठी? सोन्याले वाटते दमात गेले. मी तीस साल माणसं तोलून राहिलो, लेका. दमानं माणूस असा आटत नाई. उपाशी राहून आटते." मग त्यांनी पुसलेले वजन जाग्यावर ठेवले. "ते तीन शेर तुहेच हायेत. मी ते आधी मोजले एवढंच. तिथं पोटभर खा आन् भरून काढ. नाई भरले तं माहा काटा खोटा."

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो.

त्या साली राजापेठचा संघ एकही मोठा सामना जिंकला नाही, असे कानावर आले. मामांनी सोमवारचे वजन बंद केले. कोणी म्हणाले तर सांगत, "खेळणाऱ्याइचा काटा मोडला." मालाचा काटा चालूच होता, आणि तोलताना हात तसेच वर जात. कडुलिंबाखाली मात्र ते एकटे बसत. सोनाजी दुसऱ्या बाजूने जाई. मामांनी एक शब्द सांगितला असता तर सगळे मिटले असते. पण तो शब्द माझ्या घरच्या चुलीचा होता, म्हणून त्यांनी तो सांगितला नाही. मीही सांगितला नाही. माझा ताठा, दुसरे काय.

माघात अकोल्याला सामने झाले आणि पहिल्याच दिवशी आमच्या प्रेससमोर राजापेठ. मैदानाच्या कडेला मामा दिसले. पदरमोड करून आले होते. आपल्या संघाच्या बाजूला उभे होते. मी चढाईला गेलो की ओरडत, "धरा त्याले. पाय धरा. डावीकडून पलटते तो, डावीकडून." माझी खोड त्यांना ठाऊक होती. दोनदा त्यांच्यामुळे मी धरला गेलो. तरी शेवटच्या चढाईला मी चार गडी मारून परत आलो, आणि आमचा प्रेस जिंकला. राजापेठची पोरे खाली बसली. मामांनी डोक्यावरचे फडके काढून तोंड पुसले.

मी त्यांच्याजवळ गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरला, एक पाऊल मागे सरले आणि मला वरून खालपर्यंत पाहिले. बाजारात गाडीवरून उतरणाऱ्या माणसाला पाहत तसे.

"बासष्ट," म्हणाले. "बरं आहे." आणि गाडी चुकेल म्हणून स्टेशनाकडे निघाले.

ती शेवटची भेट. पुढच्या पोळ्याच्या आत मामा गेले. मला कळले तोवर तेरावा होऊन गेला होता. सोनाजी आणि लतीफभाईंना मी खरे पुढे कधी सांगितले नाही. आता ते दोघेही नाहीत, विहीर नाही, मळाही नाही. म्हणून हे लिहून ठेवतो. मामांनी आयुष्यात एकदाच काट्याला पाय लावला, तो आपल्या संघाविरुद्ध, आणि तो माझ्यासाठी.

एक सांगायचे राहिले. अकोल्याच्या त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, मी प्रेसमधल्या गठाणी तोलायच्या काट्यावर गेलो. तिथल्या तोलाऱ्याला म्हणालो, "मले तोल." तो हसला, म्हणाला, गठाण कुठे आहे? मी चपला काढल्या आणि पारड्यात बसलो. त्याने वजने ठेवायला सुरुवात केली, तसा मी त्याला थांबवले. म्हणालो, "मागं नको उभा राहू. समोर ये आन् हात वर कर." त्याला वाटले मी येडा झालो, पण त्याने हात वर केले. काटा डुलला, थांबला. बासष्ट शेर.